काउंटीच्या मध्यक उत्पन्नातली 'वाढ'

अमेरिकेतील एका ग्रामीण काउंटीचे (जिल्ह्यासारख्या विभागाचे) मध्यक कौटुंबिक उत्पन्न, म्हणजे उत्पन्नाच्या क्रमाने लावलेल्या कुटुंबांपैकी मधल्याचे उत्पन्न, २०१५–१९ आणि २०१६–२० या दोन आकड्यांवरून 'वर्षभरात वाढले' असा एक दावा आहे. ते मला पटत नाही. ६५,००० पेक्षा कमी वस्तीच्या काउंटीसाठी अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे (तिथल्या जनगणना विभागाचे नमुना सर्वेक्षण) सहसा पाच वर्षांचे नमुने एकत्र करून अंदाज देतो, त्यामुळे या दोन आकड्यांमागची चार वर्षे एकच आहेत. तुलना करायचीच तर २०१०–१४ आणि २०१५–१९ असे एकमेकांवर न चढणारे कालखंड घ्यावेत, आणि पहिला आकडा २०१४ च्या डॉलरमध्ये असल्याने तो आधी २०१९ च्या डॉलरमध्ये आणावा.

त्यानंतरही त्रुटीमर्यादा, म्हणजे नमुन्यामुळे आकडा किती कमीजास्त असू शकतो ती मर्यादा, आडवी येते. समजा, रूपांतरानंतर पहिला आकडा ४८,००० ± ५,००० आणि दुसरा ५३,००० ± ६,००० डॉलर आहे. फरक ५,००० चा दिसतो खरा, पण दोन्ही मर्यादांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ, म्हणजे या फरकाची त्रुटीमर्यादा, सुमारे ७,८०० येते. ती फरकापेक्षा मोठी असल्याने ९० टक्के विश्वासपातळीवर वाढ झाली असे म्हणता येत नाही. (शेजारच्या दोन काउंट्यांच्या मध्यकांची सरासरी काढून नमुना 'मोठा' करण्याचा मोह टाळावा, मध्यकांची सरासरी म्हणजे एकत्रित मध्यक नव्हे.)

वर्षागणिक मालिकाच हवी असेल तर जनगणना विभागाचे 'सेप' (SAIPE, लहान क्षेत्रांतील उत्पन्न आणि गरिबीचे) अंदाज पाहावेत. त्यात सर्वेक्षणाला प्राप्तिकर विवरणपत्रांसारख्या प्रशासकीय नोंदींची जोड असते. मात्र ते संख्याशास्त्रीय प्रतिमानावर (मॉडेलवर) बेतलेले असल्याने एखाद्या लहान काउंटीतला अचानक चढउतार त्यांत बोथट होऊ शकतो.