मदत हवी आहे: माओरी कुटुंबांसोबत लठ्ठपणावर काम करायचंय

नमस्कार मंडळी. मी साउथ ऑकलंडमध्ये सामुदायिक आरोग्याचं काम करते. इथल्या माओरी, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवासी, कुटुंबांसोबत लठ्ठपणा कमी करण्याचा एक कार्यक्रम आखतेय. न्यूझीलंडमध्ये जवळपास निम्मे माओरी प्रौढ लठ्ठ या गटात मोडतात. पण वजनकाटा घेऊन लोकांच्या दारात उभं राहणं मला अजिबात पटत नाही. ब्रिटिशांशी झालेल्या १८४० च्या वायतांगी करारानंतर माओरींच्या बहुतेक जमिनी हातच्या गेल्या, पिढ्यानपिढ्यांची कुमाराची (रताळ्याची) शेती तुटली, आणि आज वस्तीत स्वस्त मिळतं ते तळलेलं नि गोड. यात माणसांना काय दोष द्यायचा?

माओरी मानसोपचारतज्ज्ञ मेसन ड्युरी यांच्या मांडणीत आरोग्य हे चार भिंतींचं घर आहे: शरीर, मन, आत्मिक बळ आणि कुटुंब. त्यावरच आखणी करायचीय. मराएवर (माओरींच्या सामुदायिक सभास्थानी) एकत्र स्वयंपाक, वाका आमा म्हणजे होडी वल्हवणं, कापा हाका या पारंपरिक समूह नृत्य-गायनाचा सराव.

वजनाऐवजी काय मोजावं? रक्तातली साखर, चालण्याचा दम, की आणखी काही? ज्येष्ठांना पहिल्या बैठकीपासूनच निर्णयात कसं घ्यावं? आणि आपल्याकडे पाड्यांवर किंवा बचत गटांसोबत काम केलेल्यांनी हे नक्की सांगा: निधी संपल्यावरही काम लोकांनी स्वतः चालू ठेवलं, ते कशामुळे?