शब्दचर्चा : माळ, गायरान, कुरण आणि ‘पडीक’

तेरणाकाठ

ग्रामपंचायत सदस्यांच्या प्रशिक्षणासाठी एक छोटी पुस्तिका मराठीत नीट करून देतेय. विषय आहे कमी पावसाच्या भागातली चराईची रानं, तिथं उगवणारं गवत आणि त्या जमिनीची होत जाणारी खराबी. हाती आलेल्या मसुद्यात पहिलंच वाक्य असं आहे : ‘कोरडवाहू कुरणांची वनस्पती-उत्पादकता व पडीक जमिनींची अवनती’. मी ते घरी मोठ्यानं वाचलं. आई म्हणाली, “कुरण कोरडवाहू कसं असंल? कुरणात कुणी औत घालतंय का?”

तिचं खरं आहे. ‘कोरडवाहू’मधला ‘वाहू’ हा जमीन वाहणे, म्हणजे कसणे, यातला. वहिती, वाहितीखालचं क्षेत्र हे त्याच घरातले शब्द. पावसावर भिस्त ठेवून वाहिलेली जमीन ती कोरडवाहू. जिला नांगर लागलाच नाही तिला तो शब्द कसा लागेल? म्हणून तिथं मी ‘कमी पावसाच्या मुलखातली’ असं केलं. पण पुढं कुरण, गायरान, माळ, पडीक हे चारही शब्द मसुद्यात एकमेकांच्या जागी खुशाल वापरलेत. आणि ‘अवनती’ वाचून गावात कुणाला काय कळणार? तुमच्या भागात काय म्हणतात ते सांगा.

बालाघाटी

ताई, सगळ्यात आधी ‘पडीक’ काढा.

पडणं हे नांगराखालून सुटलेल्या रानाचं असतं. ‘औंदा बैल नव्हता, वरचं रान पड टाकलं.’ म्हणजे पेरायचं होतं, राहिलं. माळ कधी पेरलेलाच नव्हता, तो पडेल कुठून? आमच्याकडं ‘रान’ म्हटलं की शेत. रानात चाललो म्हणजे शेतात चाललो. विदर्भाच्या अंगाला त्यालाच वावर म्हणतात. काळं रान, चिबड रान, बरड रान, माळरान ही सगळी रानंच, प्रत्येकाचं काम वेगळं. माळरानाचं काम गवत. मेंढरं, शेरडं, गुरं, ससे, काळविटं सगळे त्यावर जगतात. माळढोक, माळटिटवी, तणमोर ही पाखरांची नावं बघा. जी जागा पाखरांच्या नावात बसली तिला पडीक म्हणायचं जिवावर येतं.

आणि हा नुसता शब्दाचा वाद नाही. कागदावर ‘पडीक’ लिहिलं की बघणाऱ्याला वाटतं जागा रिकामी आहे, इथं काहीतरी करायला पाहिजे. मग गवतात खड्डे घेऊन गिरिपुष्पाची रोपं लावतात आणि त्याला हिरवं करणं म्हणतात. ते आधीच हिरवं होतं, जून ते दिवाळी.

आता खराबीबद्दल. आमच्या घरात मेंढरं होती. माझा चुलता माळाचं बरंवाईट मेंढराच्या तोंडावरून सांगायचा. पवन्या आणि मारवेल ही गवतं असलेल्या माळावरून आलेलं मेंढरू निवांत रवंथ करायचं. कुसळी गवताच्या माळावरून आलं की दिवे लागल्यावर तो एकेकाचं तोंड उघडून ओठाच्या आतून कुसळं काढत बसायचा, मी कंदील धरायचो. एकदा त्यानं एक कुसळ माझ्या तळहातावर ठेवलं आणि वर पाण्याचा थेंब टाकला. पीळ घातलेली ती काळपट काडी हळूहळू उलगडत फिरायला लागली आणि टोक कातडीला टोचलं. “असंच ते जमिनीत शिरतं,” म्हणाला, “आणि असंच लोकरीतून आत.” दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ आपण सगळेच म्हणतो. ते कुसळ काय चीज आहे हे मला त्या रात्री कळलं.

पवन्या जाऊन कुसळी आली की तो म्हणायचा, “माळ खंगला.” कुसळीही विरळ होऊन मुरूम दिसायला लागला की, “माळ उघडा पडला.” तरवडाची झुडपं माजली की मग तो त्या माळाकडं फिरकायचाच नाही. तरवडाला जनावर तोंड लावत नाही.

शंकुसाखळी

भूमापनात नोकरी केली, त्या अधिकारानं दोन गोष्टी सांगतो.

‘माळ’ हा जमिनीचा प्रकार, ‘गायरान’ हा जमिनीचा हक्क. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ प्रमाणे गावच्या गुरांच्या मोफत चराईसाठी जमीन नेमून देता येते, आणि कलम २३ प्रमाणे तिथं चराईचा हक्क त्याच गावाच्या किंवा गावांच्या गुरांना. त्यामुळं खासगी माळ असू शकतो, खासगी गायरान असू शकत नाही. गायरानावर गवत असेलच असंही नाही. ‘पोटखराब’ आणखी वेगळा, तो कसण्याच्या सर्व्हे नंबरातला न कसता येणारा तुकडा : नाला, खडक, बांध. मसुद्यात त्यालाही पडीक म्हटलं असेल तर दुरुस्त करा.

‘कुरण’ मात्र या सगळ्यांपेक्षा जुन्या वजनाचा शब्द आहे आणि त्याचं फार नुकसान झालंय. कुरण म्हणजे राखलेलं गवत. सरकारी कुरणं असत, त्यांवर राखणदार असे, गवत पिकू देऊन कापून नेत, गंजी लावत. मोकाट चरायची जागा ती कुरण नव्हेच. आज वर्तमानपत्र उघडा : ‘अमुक खातं भ्रष्टाचाराचं कुरण बनलं’, ‘चराऊ कुरण’. ज्या शब्दात राखण होती त्याचा अर्थ आता ‘कुणीही यावं, ओरबाडून जावं’ असा झाला. अर्थ असा उलटा फिरलेले शब्द मराठीत आहेत, पण या शब्दाबरोबर गावातली एक रीतही गेली, म्हणून मला जास्त लागतं. पुस्तिकेत जिथं राखण आहे तिथंच कुरण म्हणा. राखण नसलेल्या जागेला चराईचं रान म्हणा.

दुधनाकाठ

काका, गायरानाबद्दल एक राहिलं. मराठवाड्यात हा शब्द फक्त गवताचा नाही. भूमिहीनांचाही आहे. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. पुढं २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयानं १४ एप्रिल १९९० पर्यंतची दलित-आदिवासींची शेतीसाठीची अतिक्रमणं नियमित करायचं ठरलं. आमच्या वस्तीत कितीतरी घरांची चूल त्या तुकड्यांवर पेटते. आजीनं वेचलेल्या दगडांचा बांध अजून उभा आहे. मसुद्यात गायरान खराब होण्याचं कारण म्हणून नुसतं ‘अतिक्रमण’ लिहिलं असेल तर कृपा करून तो शब्द तसाच सोडू नका. कसणारा वेगळा आणि मुरूम उपसून नेणारा वेगळा. दोघांना एकच शब्द नको.

तेरणाकाठ

दादा, तसंच लिहिलं होतं. ‘अतिक्रमण’ आता काढलं. ‘मुरूम उपसा’ वेगळा, ‘पोटासाठी कसलेली जमीन’ वेगळी, असं केलंय.

उत्पादकतेला ‘उतारा’ चालेल का? एकरी उतारा आपण म्हणतोच.

परभणीकर

ताई, उतारा शब्द छान आहे, पण ग्रामपंचायतीत ‘गायरानाचा उतारा’ म्हटलं की लोकांना सातबारा वाटेल. साखर कारखान्यांच्या गावात तिसराच अर्थ निघतो, उसातून किती साखर निघाली तो. ‘गवताचा उतारा’ असं पूर्ण म्हटलं तर गोंधळ होणार नाही.

गवत हाच माझा अभ्यासाचा विषय, म्हणून हा उतारा मोजतात कसा ते सांगतो. त्याशिवाय शब्द पोकळ राहील. एक मीटर लांब, एक मीटर रुंद अशी चौकट माळावर टाकायची, आतलं गवत कापायचं, वाळवायचं, तोलायचं. चौकटीत १०० ग्रॅम भरलं तर हेक्टरी १ टन. आता ३०० किलोची गाय धरा. तिला दिवसाला साडेसात किलोच्या आसपास वाळला चारा लागतो, म्हणजे वर्षाला पावणेतीन टन. पण उगवलेलं सगळं चारायचं नसतं. निम्मं ठोंबाला, म्हणजे गवताच्या बुडख्याला, आणि मातीला सोडायचं. मग हेक्टरी १ टन देणाऱ्या माळावर नुसत्या गवतावर एक गाय वर्षभर पोसायला साडेपाच हेक्टर लागतात. हे गणित सभेत फळ्यावर मांडा. आपल्या गायरानावर किती गुरं आहेत ते लोक स्वतःच मोजायला लागतात.

दुसरं, आणि माझ्या मते पुस्तिकेतलं सगळ्यात महत्त्वाचं : गवत कमी येणं आणि जमीन खराब होणं ही एक गोष्ट नाही. पाऊस निम्मा झाला तर चांगल्या माळावरही गवत कमीच येणार. तो दुष्काळ, पुढच्या पावसात माळ सावरतो. पण पाऊस नेहमीसारखा होऊनही गवत पूर्वीच्या निम्मं येतंय, तर जमीन गेली. पडलेल्या पावसाचं गवत करायची ताकद तिच्यात उरली नाही. पाणी मुरत नाही, वरच्या मातीची खपली धरते, पाणी मातीसकट वाहून जातं. मराठीत या दोन्हींना आपण ‘रान गेलं’ म्हणून मोकळे होतो. बालाघाटींच्या चुलत्यांचा ‘खंगला’ हा शब्द इथं अगदी नेमका बसतो. उपाशी माणूस आणि खंगलेला माणूस यांत जो फरक, तोच.

त्यांनी सांगितलेला क्रमही शास्त्राला धरून आहे. पवन्या, मारवेल ही बहुवर्षायू गवतं. उन्हाळ्यात वरून वाळतात, साठा बुडाशी आणि मुळांत असतो. पहिल्या पावसानं ठोंब फुटतो तो त्याच साठ्यावर. तेव्हाच सलग चरलं, दरवर्षी चरलं, तर साठा संपतो आणि ठोंब मरतो. चवीचं गवत आधी खाल्लं जातं म्हणून आधी तेच मरतं. कुसळी टिकते, कारण दाणे धरल्यावर जनावर तिला टाळतं. म्हणून मला ‘चराईबंदी’ शब्दही सरसकट पटत नाही. बंदी म्हटलं की मेंढपाळ घाबरतो आणि गावात भांडण लागतं. पावसाच्या सुरुवातीचे आठवडे ठोंबाला सोडणं आणि नंतर पाळीपाळीनं चारणं, एवढ्यानंही बरंच साधतं. ‘चराईची पाळी’ म्हणा. पाण्याची पाळी सगळ्यांना माहीत आहेच.

मन्याडखोरे

मसुद्यात ‘वाळवंटीकरण’ आहे का? आमच्या गावात एका बैठकीत हा शब्द आला तेव्हा एक माळकरी आजोबा गोंधळून गेले. त्यांच्या लेखी वाळवंट म्हणजे चंद्रभागेचं, नाहीतर पैठणला गोदावरीचं. कीर्तनाची जागा.

परभणीकर

हे फार चांगलं दाखवलंत. १९९४ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात त्या शब्दाचा अर्थ वाळूचे ढीग सरकत येणं असा नाहीच. शुष्क, निमशुष्क आणि कोरड्या-उपआर्द्र भागांतली जमीन हवामानातले बदल, माणसाची करणी अशा निरनिराळ्या कारणांनी खराब होणं, एवढाच त्याचा अर्थ. इस्रोच्या अहमदाबादच्या केंद्रानं २०२१ साली काढलेल्या नकाशासंग्रहात २०१८-१९ सालचं खराब होत चाललेल्या जमिनीचं क्षेत्र, या कोरड्या भागांबाहेरचंही धरून, देशात ९ कोटी ७८ लाख हेक्टर दाखवलंय, देशाच्या भूभागाच्या २९.७७ टक्के. आपल्याकडं हे बहुतांशी पाण्यानं माती धुऊन जाण्यातून होतं. मराठवाड्यात वाळू येत नाही, खालचा मुरूम वर दिसतो. कराराचं नाव सांगायचं तिथं एकदा ‘वाळवंटीकरण’ लिहा, बाकी ठिकाणी ‘माती जाणं’.

तेरणाकाठ

पहिलं वाक्य आता असं झालंय : ‘कमी पावसाच्या मुलखातल्या चराईच्या रानांवर गवताचा उतारा किती येतो, आणि ही रानं खंगतात कशी’. आईला वाचून दाखवलं. तिनं मान हलवली आणि विचारलं, “खंगल्यावर पुन्हा धरतात का, ते लिवलंय का त्यात?” लिहिलेलं नव्हतं. त्यावर एक प्रकरण वाढवायला सांगितलंय.

अजून एक चित्र आहे : गवताचा झुपका बोटभर उंचावर उभा, भोवतालची माती वाहून गेलेली, मुळ्या बाहेर. त्याखाली काय लिहू?

बालाघाटी

‘ठोंब उघडा पडला.’ झुपका नको, झुपका केसांचा. आणि चित्रापेक्षा फोटो लावा ताई. आमच्या गावाच्या वरच्या अंगाला असे ठोंब ढिगानं आहेत, आणि तिथंच चराला लागून गावानं तीन पावसाळे राखलेला एक पट्टा आहे. गणपती बसले की या. पवन्या तेव्हा गुडघ्याला लागतो. दोन्ही एकाच फोटोत येतील.