सीईटी ८७.३, ओबीसी, मुलगी: ऑप्शन फॉर्म कसा भरावा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

लेकीच्या इंजिनिअरिंग प्रवेशाबद्दल जाणकारांचा सल्ला हवा आहे. आमच्या घरात, नात्यात कुणी इंजिनिअर नाही. जो तो येऊन वेगळंच सांगून जातो आणि ऑप्शन फॉर्म, म्हणजे हवी ती कॉलेजं आणि ब्रँच पसंतीच्या क्रमाने लिहायचा फॉर्म, भरायची तारीख तोंडावर आली आहे.

आम्ही बार्शीचे. मुलीची दहावी इथलीच, ९१ टक्के. अकरावी-बारावीला तिला लातूरला ठेवलं, बारावीची परीक्षाही तिने तिथल्याच कॉलेजातून दिली. बारावीला पीसीएममध्ये ६८ टक्के पडले आणि एमएचटी-सीईटीला ८७.३ पर्सेंटाइल. फिजिक्स, केमिस्ट्री बरे गेले, गणितात मागे पडली. सीईटीत गणिताचा एकेक प्रश्न दोन मार्कांचा, त्यामुळे फटका तिथेच बसला. जेईईचा स्कोअर उपयोगी पडेल असा नाही. रिपीट करायची तिची इच्छा नाही आणि माझाही आग्रह नाही. बारावीच्या वर्षात पोरगी फार खंगली, पुन्हा त्या चक्रात तिला घालायचं नाही.

आम्ही ओबीसी. जात वैधता प्रमाणपत्र हातात आहे, नॉन-क्रिमीलेअर यंदाच नवीन काढलं आहे. मिस्टर अडत दुकानात हिशेब लिहितात, मी घरी शिवणकाम करते. उत्पन्न आठ लाखांच्या बरंच खाली.

मुलीला कॉम्प्युटर हवंय आणि तेही पुण्यात. तिच्या बरोबरीच्या सगळ्यांचं तेच चाललंय. माझा भाऊ म्हणतो, ८७ ला पुण्यात कुठे ना कुठे कॉम्प्युटर मिळेल, नाव बघत बसू नका, घेऊन टाका. तिच्या शाळेतले एक सर म्हणतात, जुनं सरकारी कॉलेज बघा, ब्रँच कुठलीही मिळो. दोघंही आमच्या भल्याचंच सांगतात, पण फॉर्म एकच आहे.

एक गोष्ट सांगावीशी वाटते. माझ्या शिलाई मशिनला मोटर तिनेच बसवली. बाजारातून मोटर आणि फूट पेडल आणलं, पट्टा चढवला. पण पेडल हळू दाबलं तरी मशिन एकदम सुसाट पळायचं. तर पेडल उघडून आतलं सगळं पाटावर मांडून बसली, जेवायलाही उठेना. शेवटी आतली घासलेली पट्टी साफ करून नीट बसवली, तेव्हा कुठे वेग हाताखाली आला. कॉम्प्युटर का हवं असं विचारलं की मात्र ‘पॅकेज चांगलं मिळतं’ एवढंच म्हणते.

तर मला विचारायचं आहे ते असं. ८७.३ ला खरोखर काय मिळू शकतं, हे कशावरून कळतं? कटऑफची पीडीएफ उघडली तर नुसती अक्षरं आणि आकडे दिसतात. होम युनिव्हर्सिटी आमची सोलापूर धरायची की काय? आणि एका खासगी कॉलेजच्या नावाने सारखे फोन येताहेत की मॅनेजमेंट कोट्यातून, म्हणजे कॉलेजच्या हातातल्या जागांतून, कॉम्प्युटर देतो, आत्ता टोकन भरा, नंतर सीट राहणार नाही. मिस्टर पैशांची जुळवाजुळव करायला लागलेत. भरावेत का?

तिफण

ताई, सगळ्यात आधी: टोकन भरू नका. तुमच्या मुलीला सरकारची मोठी सवलत लागू आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. पण प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, झाला तरच. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात की ही सवलत गेली आणि चार वर्षांची फी तुमच्या डोक्यावर. कुणालाही मूळ टीसी किंवा मार्कशीट ‘ठेवायला’ देऊ नका. एकदा अडकली की सोडवताना नाकी नऊ येतात.

आता होम युनिव्हर्सिटी. ती घर कुठे आहे यावर ठरत नाही, बारावी कुठल्या कॉलेजातून झाली यावर ठरते. तुमच्या मुलीची बारावी लातूरची. लातूर, नांदेड, परभणी, हिंगोली हे जिल्हे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात येतात. म्हणजे तिची होम युनिव्हर्सिटी नांदेड. सोलापूर आणि पुणे दोन्ही तिच्यासाठी बाहेरची. जिथे हा भेद लागू आहे तिथे ७० टक्के जागा होमच्या मुलांना आणि ३० टक्के बाहेरच्यांना, त्यामुळे पुण्याच्या कॉलेजचा कटऑफ बघताना चुकीचा रकाना बघितलात तर सगळी यादीच चुकेल.

पीडीएफ अशी वाचा. प्रत्येक कॉलेजच्या नावाखाली ब्रँच आणि होम युनिव्हर्सिटी लिहिलेली असते. त्याखाली रकाने. पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींसाठी राखीव. मध्ये प्रवर्ग. शेवटचं अक्षर एच म्हणजे होम, ओ म्हणजे बाहेरचे, एस म्हणजे राज्यस्तरीय. तुम्ही पुण्याला ‘एल-ओबीसी-ओ’ आणि ‘जी-ओबीसी-ओ’ बघायचं, लातूर-नांदेडला ‘एच’वाले. काही स्वायत्त आणि सरकारी संस्थांत एच-ओ हा भेदच नसतो, तिथे ‘एस’ दिसेल आणि सगळा महाराष्ट्र एका रांगेत. रकान्यात वरचा आकडा मेरिट नंबर, खाली कंसात पर्सेंटाइल.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, शंभरातली किती मुलं आपल्या मागे आहेत तो आकडा, हे मुलीलाही नीट समजावा. २०२५ मध्ये पीसीएमला चार लाखांहून जास्त मुलं बसली होती. त्या हिशेबाने ८७.३ च्या पुढे पन्नास हजारांवर मुलं झाली. त्यातली बरीच कॅपला येत नाहीत, त्यामुळे मेरिट नंबर थोडा वर सरकतो. पण ९० आणि ८७ यांच्यातला फरक तीन मार्कांचा नाही, बारा हजारांवर मुलांचा आहे. सीओईपी, व्हीजेटीआय, पीआयसीटी या पुण्या-मुंबईच्या नामवंत कॉलेजांचं कॉम्प्युटर या स्कोअरला मनातही आणू नका.

कोयनाकाठ

मी एका कॉलेजात शिकवतो, प्रवेशाच्या दिवसांत मदत केंद्रावर बसतो. तिफण यांनी बरोबर सांगितलंय. त्यात भर घालतो, कारण दरवर्षी मुलं इथेच फसतात.

२०२५ पासून कॅपचे चार राउंड झाले आणि नियम कडक झाला. पहिल्या राउंडला पहिल्या नंबरचा ऑप्शन मिळाला तर तो घ्यावाच लागतो, पुढच्या राउंडमधून नाव बाद. दुसऱ्या राउंडला पहिल्या तीनपैकी मिळालं तर तेच, तिसऱ्याला पहिल्या सहापैकी. म्हणजे वरच्या सहा ओळींत जे लिहाल ते ‘हे मिळालं तर मी खरंच जाईन’ असंच असलं पाहिजे. नुसतं हाताशी असावं म्हणून सोपं कॉलेज पहिल्या नंबरला टाकणारी मुलं पहिल्याच राउंडला तिथे अडकतात आणि मग केंद्रावर येऊन रडतात. तेव्हा आमच्याही हातात काही नसतं.

उलट, मिळायला अवघड असलेलं वर लिहिलं म्हणून काही तोटा होत नाही. आवडीच्या क्रमानेच लिहा, कटऑफच्या क्रमाने नको. तीनशेपर्यंत ऑप्शन भरता येतात. इतके भरायची गरज नाही, पण दहा-बारा भरून थांबणंही धोक्याचं. गेल्या दोन-तीन वर्षांचे कटऑफ काढा, एकाच वर्षावर विसंबू नका, आणि शेवटच्या राउंडचेही बघा. तुमच्या स्कोअरच्या तीन-चार पर्सेंटाइल वरपासून सात-आठ खालपर्यंतचा पट्टा नीट भरला की मुलगी वाऱ्यावर राहत नाही.

बारावीच्या ६८ टक्क्यांची काळजी नको. पात्रतेला खुल्या गटाला ४५ आणि राखीवला ४० टक्के लागतात, पुढे मेरिट सीईटीवरच. टीएफडब्ल्यूएसच्या, म्हणजे शिक्षण फी माफ असलेल्या, जागा यादीत वेगळ्या कोडने दिसतील, त्यांचा कटऑफ सहसा वर जातो. तुम्हाला मुलींची फीमाफी आहेच, त्यामागे धावू नका.

चिंचेचं झाड

ताई, मी पण तालुक्याच्या गावातली, सरकारी कॉलेजातून इलेक्ट्रिकल केलं. तुमच्या भावाचं आणि सरांचं, दोघांचंही अर्धंच पटतं मला.

‘कुठलंही कॉम्प्युटर’ हे मला धोक्याचं वाटतं. एआयसीटीई या तांत्रिक शिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने २०२४-२५ पासून चांगल्या संस्थांसाठी प्रवेशक्षमतेची वरची मर्यादा काढली. तेव्हापासून कॉम्प्युटर, एआय, डेटा सायन्स या नावांच्या तुकड्या भराभर वाढल्या. जागा कागदावर वाढवता येतात, शिकवणारी माणसं तशी येत नाहीत. म्हणून ८५-८८ ला मिळणाऱ्या पुण्याच्या कॉम्प्युटरमध्ये जाऊन विचारा: या ब्रँचची पहिली बॅच बाहेर पडली का? कायमचे शिक्षक किती? मागच्या वर्षी कंपन्या कुठल्या आल्या, आणि त्यातल्या किती जणांना याच ब्रँचमधून घेतलं? बोर्डावर लावलेलं सर्वात मोठं पॅकेज बघू नका, ते एका मुलाचं असतं. सेकंड-थर्ड इयरच्या मुली कॅन्टीनला भेटतील, त्या खरं सांगतात.

‘सरकारी म्हणजे ब्रँच कुठलीही’ हेही नको. मला इलेक्ट्रिकल आवडलं म्हणून निभावलं. माझ्या रूममेटला मेकॅनिकलमध्ये अजिबात रस नव्हता, तिची चार वर्षं जड गेली.

आणि तुम्ही ते पेडलचं लिहिलंय ना, ते वाचून मला राहवलं नाही. वेग का आवरत नाही म्हणून जेवणखाण सोडून पेडल उघडून बसणारी पोरगी! इलेक्ट्रिकलला आम्ही मोटरचा वेग कसा आवरायचा हेच शिकतो, त्याचा अख्खा विषय असतो. तिला हे कुणी सांगितलेलंच नसणार. इलेक्ट्रिकल आणि ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन) या दोन्हींचा अभ्यासक्रम तिच्यासमोर ठेवा, विद्यापीठाच्या साइटवर मिळतो. महावितरण, महापारेषण, महानिर्मितीच्या भरत्या, एमपीएससीची अभियांत्रिकी सेवा, एम.टेक.साठीची गेट परीक्षा, हे रस्ते इलेक्ट्रिकलला उघडे आहेत. कोडिंग शिकून आयटीत गेलेल्या माझ्याच वर्गात कितीतरी आहेत. गणित मात्र इथेही सुटत नाही, पहिल्या वर्षाचं एम-वन, एम-टू मनापासून करावं लागेल. तेही तिला आत्ताच सांगा.

धागाकर्ती

तुम्हा तिघांचे किती आभार मानू! टोकन भरायचं थांबवलं. मिस्टरांना शासन निर्णय वाचून दाखवला, त्यांच्या जिवावरचं ओझंच उतरलं.

काल रात्री मुलीला हा धागा वाचायला दिला. पेडलचं वाचून आधी रागावली, ‘हे कशाला लिहिलंस’ म्हणाली. मग इलेक्ट्रिकलचा अभ्यासक्रम उघडून बराच वेळ वाचत बसली. सकाळी तिनेच यादी केली. वरती नांदेडचं एसजीजीएस, कराड आणि छत्रपती संभाजीनगरचं गव्हर्नमेंट, तिन्हीकडे इलेक्ट्रिकल. हे अवघड आहे तिलाही माहीत आहे. मग चंद्रपूरच्या गव्हर्नमेंटचं इलेक्ट्रिकल, सोलापूरच्या वालचंद इन्स्टिट्यूटचं ईएनटीसी, पंढरपूरच्या स्वेरीचं इलेक्ट्रिकल, आणि लातूरच्या बिडवेचं कॉम्प्युटर. खाली पुण्याची कॉम्प्युटरची काही कॉलेजं, ती शनिवारी जाऊन बघणार आहोत. जिथे तिला बरं वाटेल तेवढीच ठेवू.

दोन शंका. चंद्रपूर फार लांब, मला भीती वाटते, पण ती जायला तयार आहे. वर ठेवू का? आणि फीमाफी असली तरी हातात किती पैसे लागतील?

कोयनाकाठ

यादी समंजस आहे. चंद्रपूरचं तिला ठरवू द्या. पण जायचं नक्की नसेल तर पहिल्या सहात ठेवू नका, मिळालं की नाही म्हणता येणार नाही. त्याआधी तिथल्या मुलींच्या होस्टेलला फोन करून जागांचं विचारून घ्या.

माफी शिक्षण फी आणि परीक्षा फीची आहे. खासगी कॉलेजात डेव्हलपमेंट फी वेगळी भरावी लागते, होस्टेल-मेस वेगळं. प्रत्येक कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या साइटवर आहे, त्यातला डेव्हलपमेंटचा रकाना बघा. होस्टेलसाठी ओबीसी मुलींना निर्वाह भत्त्याची कुठली योजना लागू होते, तिच्या अटीही वाचून ठेवा. दोन्ही सवलतींना उत्पन्नाचा तहसीलदारांचा दाखला लागतो, तो आजच काढायला टाका.

फॉर्म मुलीने स्वतःच्या लॉगिनमधून भरावा, पासवर्ड आणि ओटीपी नेट कॅफेवाल्याला देऊ नये. आणि ऑप्शन नुसते सेव्ह करून चालत नाही, शेवटी कन्फर्म करावे लागतात. कन्फर्म झाल्याची प्रिंट काढा आणि तिच्या यादीशी ओळीनं ओळ ताडून बघा. पुण्याहून आल्यावर यादी बदलली तर इथे टाका, मी बघून देतो.