हिंडलगा कारागृहात पेटी-पखवाज द्यावा का?

टिळकवाडीकर
बेळगावजवळच्या हिंडलग्याच्या मध्यवर्ती कारागृहात संगीताचा नियमित वर्ग हवा. लाउडस्पीकरवर भजनं लावणं वेगळं. इथे कैद्यांनी पेटी शिकावी, चाली स्वतः बांधाव्यात. बीजिंगच्या तुरुंगात २०० कैद्यांवर झालेला अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झालाय. गटाने संगीतोपचार घेतलेल्यांची चिंता आणि नैराश्य कमी झालं.

शहापूरची लेक
माझ्या चुलतभावाचा खून झाला. प्रत्येक तारखेला वहिनी लेकराला घेऊन कोर्टाच्या व्हरांड्यात दिवसभर बसते. तिच्या मनावर उपचार कोण करणार? आधी तिच्याकडे बघा की.

टिळकवाडीकर
ताई, वहिनींना मदत मिळायलाच हवी. पण देशातल्या कैद्यांपैकी जवळपास तीन चतुर्थांश कच्चे कैदी आहेत, गुन्हा अजून शाबित व्हायचाय. त्यांनी वर्षानुवर्षं नुसतं भिंतीकडे बघत बसायचं काय?

खानापूरकर
चिंता कमी झाली म्हणजे माणूस गुन्हा सोडतो, असं त्या अभ्यासातून निघत नाही. शिवाय उपचार करायला शिकलेला माणूस लागतो, नुसता भजनीबुवा पुरणार नाही. आणि तारेची वाद्यं बराकीत कशी ठेवणार?

टिळकवाडीकर
तारेची नकोतच. पेटी, टाळ, पखवाज. तास संपला की मोजून कुलपात. पेटीवर नवशिक्याचा डावा हात घाई करतो, भाता हिसकला की सूर डगमगतो. शेजारचा चुकला तर सगळ्यांनी थांबून परत समेवर यायचं. रागीट माणसाला हा सराव रोज मिळू दे.

निपाणीकर
कन्नड की मराठी, यावरून आतही भांडणं लागतील.

वडगावकर
का लागतील? पुरंदरदासांच्या कन्नड पदांच्या शेवटी ‘पुरंदर विठ्ठल’ येतो, आमच्या अभंगात तुकोबांचा विठ्ठल. पखवाज दोन्हीकडे चालतो. मी तर म्हणतो, गाणी बाहेरही यावीत. मुंबईच्या तुरुंगात एका स्थानबद्धाने मराठीत अणुविज्ञानाचं पुस्तक लिहिलं. सरकारने हस्तलिखित अडवलं, पण १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने ते छापायला बाहेर पाठवू दिलं.

शहापूरची लेक
अणूचं पुस्तक वाचून कुणाची जखम उघडी पडत नाही. वहिनीच्या मोबाइलवर भावाच्या खुनातल्या आरोपीच्या गाण्याची क्लिप आली तर?

वडगावकर
नाव-चेहरा दाखवायचा नाही, फक्त आवाज.

शहापूरची लेक
तो आमच्याच गल्लीतला आहे, दादा. गणपतीत आरती तोच सांगायचा. आवाज लगेच ओळखू येईल. आत काय शिकवायचं ते शिकवा, बाहेर सोडायच्या आधी आमच्या घरी येऊन विचारा.