सैन्याच्या प्रत्येक नगावर ओळखखूण: हिशेब खरंच लागतो का?

शिलेदार७१ (धागाकर्ता)
जुलै २००३ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने ठरवलं, की जानेवारी २००४ पासूनच्या निविदांत पाच हजार डॉलर आणि त्यावरच्या प्रत्येक नगावर डेटा मॅट्रिक्सची चौकोनी खूण पाहिजे. क्यूआर कोडच्याच भावकीतली. तिच्यात पुरवठादाराचा कोड आणि अनुक्रमांक असतो, काही वेळा भाग क्रमांकही. असा नंबर दुसऱ्या नगाला कधीच मिळत नाही, अगदी पहिला भंगारात गेला तरी.

माझ्या मते याला पर्याय नाही. अमेरिकी संसदेची लेखापरीक्षण संस्था जीएओ हिने २००९ मध्ये सांगितलं, की अफगाण फौजेसाठी पाठवलेल्या २,४२,००० हत्यारांपैकी अंदाजे ८७,००० हत्यारांच्या नोंदी अपुऱ्या होत्या. त्यातल्या सुमारे ४६,००० चे तर अनुक्रमांकच देता आले नाहीत.

कोठीघर
शिलेदारसाहेब, उरलेल्या ४१,००० चं काय? त्यांचे नंबर होते की नोंदलेले! तरी ती हत्यारं कुठे गेली हे कागदावर नव्हतं. डेपोच्या भांडारात माझी नोकरी झाली. माल हरवतो तो हात बदलताना, रात्री ट्रक लागलेला असतो आणि सह्या घाईत होतात तेव्हा.

लेझरवाला_भोसरी
काकांशी अर्धा सहमत. मी वर्कशॉपमध्ये तपासणीला आहे, निर्यातीचे सुटे भाग बघतो. खूण मारणं वाटतं तेवढं सोपं नाही. ॲल्युमिनियमवर आधी लेझर मारला आणि मग काळं ॲनोडायझिंग (धातूवर रासायनिक प्रक्रियेने चढवलेला थर) झालं, की काळ्यावर काळं, स्कॅनर दाद देत नाही. ठिपके ठोकून मारावी, तर पातळ, सतत ताण सोसणाऱ्या भागावर तिथूनच तडा जायची भीती. म्हणून जागा आणि पद्धत ड्रॉइंगमध्येच ठरलेली लागते. खुणेचा दर्जा मशीनवर तपासायचा, नापास झाली तर तयार नग अडकतो. लहान कारखान्याला हा भुर्दंड जड जातो. पण एकदा नीट उमटली, की थोडी खरवडली तरी वाचता येते, हे मी रोज बघतो.

रानवाटा
सगळंच स्कॅन करण्याच्या नादात लोक आरएफआयडीपर्यंत, म्हणजे दुरून रेडिओलहरींनी वाचता येणाऱ्या टॅगपर्यंत, पोचतात, ते मला धोक्याचं वाटतं. काही अमेरिकी तुकड्यांनी बंदुकांत असे टॅग बसवल्याची बातमी असोसिएटेड प्रेसने २०२१ मध्ये दिली होती. शस्त्रागारात मोजणी झटपट होते, पण तोच टॅग रणांगणावर शत्रूला दुरून हेरता येऊ शकतो. अमेरिकेच्या मरीन कोअर या सैन्यदलाने म्हणून तो घेतला नाही.

शिलेदार७१
रानवाटा, कोरलेली खूण काही प्रक्षेपित करत नाही, ती समोर धरूनच वाचावी लागते. मी तिच्याचबद्दल बोलतोय.

कोठीघर
मग तैवानचं बघा. २००६ मध्ये अमेरिकेतून हेलिकॉप्टरच्या बॅटऱ्यांऐवजी मिनिटमन या अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्राच्या टोकाचे चार भाग तिकडे गेले. मार्च २००८ मध्ये उघड झालं. मधल्या काळात मोजण्या झाल्या नसतील का? झाल्या, आणि तरी सुटलं. ज्या मायकेल विन यांच्या सहीने २००३ चं धोरण निघालं, तेच तेव्हा हवाई दलाचे सचिव होते. त्याआधी २००७ मध्ये अण्वस्त्रं लावलेली सहा क्षेपणास्त्रं नकळत विमानातून मायनॉटच्या हवाई तळावरून बार्क्सडेलच्या तळावर गेली होती. या दोन्ही चुकांनंतर जून २००८ मध्ये विन यांना पद सोडावं लागलं. पैसा आधी माणसांवर लावा. पेटी उघडून बघणाऱ्याला "उशीर का केलास" म्हणून झापणं थांबवा.

शिलेदार७१
झापणं थांबवाच, त्यात वाद नाही. पण काका, त्याने पेटी उघडली आणि आतल्या नगावर नंबरच नसला, तर तो मालासोबतच्या चलनाशी (पावतीशी) काय ताडून बघणार? दिसायला सारखे दोन भाग पुढ्यात आले, तर अनुभवी माणूसही अंदाजानेच सही करेल.