मस्टँग जीटी २०१७: वळणावर नाक बाहेर जातं, मागची चाकं उड्या मारतात. आधी काय बदलू?

एडिसनकर
गाडी २०१७ ची मस्टँग जीटी, ५.० लिटर व्ही-८, मॅन्युअल, परफॉर्मन्स पॅकवाली (कंपनीचंच ब्रेक-सस्पेन्शनचं जादा पॅकेज). टायर अजून कंपनीचेच आहेत, पुढे २५५/४०-१९ आणि मागे २७५/४०-१९, पण आता संपत आले. रोज ऑफिसलाही हीच. उन्हाळ्यात एससीसीए या अमेरिकन मोटरस्पोर्ट क्लबचं ऑटोक्रॉस (शंकूंमधून वेळ लावून गाडी पळवणं) आणि अधूनमधून न्यू जर्सीतल्या मिलव्हिलचा थंडरबोल्ट ट्रॅक.

तक्रारी तीन. वळणात शिरताना नाक बाहेर जातं. वळणाच्या मध्यात खड्डा किंवा जोड आला की मागचा भाग बाजूला सरकल्यासारखा वाटतो. जोरात निघताना मागची चाकं उड्या मारतात. टायर सोडून बजेट २५०० डॉलर. दुकानदार म्हणतो, लोअरिंग स्प्रिंग (गाडी खाली बसवणाऱ्या) आणि जाड अँटी-रोल बार (वळणात झुकणं कमी करणारी दांडी) टाका, काम झालं. पटत नाहीये.

टो_इन
न पटणंच बरोबर आहे. तुमची दुसरी आणि तिसरी तक्रार एकाच जागेची आहे: मागचा सबफ्रेम, ज्याला सगळे क्रेडल म्हणतात. २०१५ पासून मस्टँगला मागे स्वतंत्र सस्पेन्शन आलं आणि ते अख्खं, डिफरन्शियलसकट (इंजिनाची ताकद दोन चाकांत वाटणारा भाग), या क्रेडलवर बसतं. क्रेडल बॉडीला चार मोठ्या रबरी बुशांवर टांगलेलं. आवाज आणि थरथर आत येऊ नये म्हणून ते बुश मऊ ठेवलेत. परिणाम असा की क्लच सोडला की क्रेडल आधी पिळतं, मग सुटतं, परत पिळतं. ह्याच चाकांच्या उड्या. वळणात तेच क्रेडल किंचित आडवं सरकतं. ड्रायव्हरला मात्र मागचा टायर सुटल्याचा भास होतो आणि तो विनाकारण स्टिअरिंग सैल करतो.

उपाय स्वस्त आहे. बीएमआर, स्टीडा वगैरे कंपन्यांचे क्रेडल लॉकआउट किट मिळतात. मूळ बुश काढायचा नाही, त्याच्या पोकळ्यांत आणि वरखाली भरीव तुकडे बसवायचे. खर्च एका टायरपेक्षाही कमी. जाड बार टाकून हा दोष जात नाही, उलट जास्त जाणवतो.

पहिली तक्रार पुढच्या कँबरची (चाक उभ्या रेषेपासून किती कललंय तो कोन; उणे म्हणजे वरची कड आत). कंपनीकडून पुढे साधारण उणे एक अंशाच्या आसपास येतो आणि तो बदलायची सोयच दिलेली नाही. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉक आणि स्प्रिंगचा एकच खांब) आहे, त्याला बॉडी झुकली की कँबर फारसा मिळत नाही, म्हणून बाहेरचा टायर खांद्यावर उभा राहतो. तुमच्या टायरची बाहेरची कड आतल्यापेक्षा जास्त झिजली असणार, बघा. कँबर प्लेट (स्ट्रटचं वरचं टोक आत-बाहेर सरकवू देणारी) टाका आणि हे आकडे घ्या:

पुढे कँबर उणे २.० ते २.३ अंश, टो (वरून बघता चाक आत किंवा बाहेर वळलेलं असण्याचा कोन) शून्य. मागे कँबर उणे १.५, टो-इन (चाकांची पुढची कड आत) दोन्ही चाकांचा मिळून ०.१५ ते ०.२० अंश. मागे टो-आउट चुकूनही नको, ब्रेक मारताना शेपूट फिरेल.

रोजच्या वापरात कँबरने टायर खाल्ले जातात ही ओरड अर्धवट आहे. टायर खातो तो चुकलेला टो.

पिस्टनराव
क्रेडलबद्दल +१. पण स्प्रिंग पूर्ण बाद करू नका. क्रम चुकीचा आहे, वस्तू वाईट नाही.

या गाडीचं वजन सुमारे १६८० किलो, त्यातलं निम्म्याहून जास्त पुढे. कंपनीचे शॉक एवढं वजन लागोपाठ वळणांत सांभाळताना रिबाउंडला (दबलेली स्प्रिंग परत उसळते तेव्हा) कमी पडतात. म्हणून आधी शॉक: कोनी स्पोर्ट (रिबाउंड फिरवता येतो) किंवा बिलस्टीन. मूळ उंची ठेवायची असेल तर बी-६, खाली बसवायची असेल तर बी-८. नुसते लोअरिंग स्प्रिंग मूळ शॉकवर घातले की रस्त्यावर गाडी बंप स्टॉपवर (सस्पेन्शनची हालचाल संपते तिथला रबरी अडथळा) आपटायला लागते, आणि आपटली की त्या चाकाची पकड एका झटक्यात जाते.

खाली किती? २० ते २५ मिमी, बस. त्याहून खाली गेलात तर पुढचे लोअर आर्म बाहेरच्या टोकाला वर चढतात आणि रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी झुकते) गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा वेगाने खाली जातं. गाडी दिसायला बसकी, पण झुकते जास्त. शिवाय बंप स्टिअर (खड्ड्यावर चाक आपोआप वळणं) वाढतं, मग त्याचं वेगळं किट.

कॅटलॉग बघताना मागच्या स्प्रिंगचा आकडा पुढच्याच्या तिप्पट-चौपट दिसेल. दचकू नका. मागची स्प्रिंग चाकापासून बरीच आत बसते, चाकापाशी पोचेपर्यंत तो आकडा खूप कमी होतो.

एडिसनकर
दोघांचे आभार. क्रेडलचं काम घरच्या ड्राइव्हवेवर जमेल का? आणि प्लेटऐवजी स्वस्तातले कँबर बोल्ट चालतील? गाडीत आवाज किती वाढेल?

टो_इन
जमेल. बॉडीच्या जॅकिंग पॉइंटखाली चार स्टँड, सपाट जागा, आणि क्रेडलखाली वेगळा जॅक. एका वेळी एकच कोपरा: बोल्ट काढा, जॅकने क्रेडल बोटभर खाली घ्या, तुकडा बसवा, बोल्ट हाताने लावा, मगच पुढचा. चारही बोल्ट एकदम काढले तर क्रेडल सरकतं आणि भोकं परत जुळवताना जीव जातो. बोल्ट आवळायचा टॉर्क वर्कशॉप मॅन्युअलचाच घ्या. नंतर अलाइनमेंट अनिवार्य.

आवाज लॉकआउटने थोडाच वाढतो. डिफरन्शियलचे बुश कडक केले की मात्र गिअरची शिट्टी केबिनमध्ये येते. रोजच्या गाडीत ते सोडा.

कँबर बोल्ट स्वस्त खरे, पण मूळ बोल्टपेक्षा बारीक असल्याने ट्रॅकवर कर्बला चाक लागलं की सरकतात. एका बाजूचा कँबर गेला की गाडी एकीकडे ओढते. प्लेटच घ्या. ती बसवायला स्ट्रट उतरवून स्प्रिंग दाबावी लागते. चांगला स्प्रिंग कंप्रेसर नसेल तर स्ट्रट दुकानात न्या, तिथे कंजूषी नको.

पिस्टनराव
एक गोष्ट घरी काम करणारे नव्वद टक्के विसरतात. शॉक किंवा आर्म काढल्यावर रबरी बुशांचे बोल्ट गाडी हवेत असताना आवळायचे नाहीत. चाकांवर वजन आल्यावर, नेहमीच्या उंचीला आवळायचे. नाहीतर बुश कायम पिळलेला राहतो, गाडी एका बाजूला उंच दिसते आणि वर्षभरात रबर फाटतं. चाकाच्या नटांना १५० फूट-पाउंड, आणि ट्रॅकवर दर सत्रानंतर तपासा.

कोनमास्तर
सगळ्यांनी ऑटोक्रॉसचा वर्ग विसरलात. एससीसीएच्या स्ट्रीट वर्गात शॉक बदलता येतात, एक अँटी-रोल बार बदलता येतो, बुश नाही. क्रेडल लॉकआउट टाकलात की तिथून बाहेर. ही गाडी सीएएम-सी मध्ये न्या, तो वर्ग आधुनिक अमेरिकन गाड्यांसाठीच आहे. टायरची अट तिथे किमान २०० ट्रेडवेअरची (टायर किती टिकतो याचा आकडा). गंभीरपणे खेळायचं तर ब्रिजस्टोन आरई-७१आरएस. ऑफिस सांभाळायचं तर मिशेलिन पायलट स्पोर्ट ४एस, ट्रेडवेअर ३००. दोन्ही चालतात, पण पहिला रोजच्या वापरात पटकन संपेल.

जमलं तर १९×१० ची चार सारखी चाकं आणि चारही टायर २७५ किंवा २८५. नाक बाहेर जाण्याचं मोठं कारण पुढचा बारीक टायरच आहे. फायदा असा की मागचे पुढे फिरवता येतात. हवा गरम टायरवर ३३ ते ३६ पीएसआय, आणि पुढची-मागची एकेक पाउंडाने हलवून बघा.

मागचा बार जाड करून नाक आत वळवायचा मोह टाळा. आतलं मागचं चाक हलकं झालं की टॉर्सन डिफरन्शियलला धरायला काही उरत नाही, वळणाबाहेर पडताना ते चाक नुसतं फिरतं. बार शेवटी, तोही पुढे-मागे मिळून.

टो_इन
आणि थंडरबोल्टवर जाण्याआधी ब्रेक ऑइल. परफॉर्मन्स पॅकचे ३८० मिमीचे ब्रेम्बो ब्रेक भरपूर आहेत, उकळतं ते ऑइल. मोटुल आरबीएफ ६००, कोरडा उत्कलनबिंदू ३१२ अंश सेल्सियस, अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या पुरतात. पॅड ट्रॅकचे वेगळे घ्या.

एडिसनकर
म्हणजे आता क्रेडल, कँबर प्लेट, टायर, अलाइनमेंट. हिवाळा संपला की शॉक. बार नाही. डिसेंबरात हेच टायर चालतील का?

पिस्टनराव
नाही. पारा ७ अंशांखाली गेला की समर टायरचं रबर कडक होतं, आणि गोठणबिंदूखाली तशाच टायरवर गाडी हलवली तर तडा जाऊ शकतो. मूळ चाकांवर विंटर टायर चढवून ठेवा. साठवताना समर टायर घराच्या आत, थंड गॅरेजमध्ये नको.