मदत हवी आहे: सुधारणेसाठी वस्त्या निवडताना महापालिका प्राधान्यक्रम कसा ठरवते?

नमस्कार मंडळी,

आमच्या महापालिकेने जुन्या वस्त्यांच्या सुधारणेसाठी तीन भाग निवडले आहेत. रस्ता, गटार, पाणी, दिवे असं सगळं काम एकत्र होणार आहे. आमचं गावठाण त्या यादीत नाही. निवडलेल्यांपैकी दोन भाग हमरस्त्याला लागून आहेत आणि तिथे काँक्रीटचे रस्ते आधीच झालेले आहेत. शहराचं नाव मुद्दाम देत नाही. 'ड' वर्ग (म्हणजे सर्वांत लहान गटातली) महापालिका आहे, एवढं पुरे.

आमच्याकडची मुख्य गल्ली जेमतेम सहा फुटांची. घंटागाडी चौकातच थांबते, ॲम्ब्युलन्सही तिथेच. पेशंटला खुर्चीत बसवून दोघांनी उचलून चौकापर्यंत न्यावं लागतं. ड्रेनेजची लाइन जुन्या स्टोनवेअर पाइपची, सहा इंची. ती टाकली तेव्हा वाड्यात एक-दोन बिऱ्हाडं असायची, आता सहा-सात आहेत. मोठा पाऊस झाला की मारुतीच्या देवळापाशी चेंबरचं झाकण उचललं जातं आणि मैलापाणी खालच्या खोल्यांत शिरतं. तळमजल्यावर राहणाऱ्या बायकांनी उंबऱ्यावर विटांचे बांध घातलेत. पावसाळ्यात घरात जायचं तर ते ओलांडूनच.

याबाबत एका उपअभियंत्यांना भेटलो. त्यांनी नीट वेळ दिला आणि मोकळेपणाने सांगितलं. गल्ली रुंद करायची तर वाडामालकांची संमती लागते. मालमत्ता पत्रकावर आजोबा-पणजोबांची नावं आहेत आणि वारस गावोगाव विखुरलेले. जागा ताब्यात आली नाही की काम रखडतं, ३१ मार्च उलटतो आणि निधी परत जातो. म्हणून जिथे काम वर्षात उरकेल ते भाग आधी घेतले जातात. त्यांची अडचण मला कळते. पण या हिशोबाने ज्या वस्तीची अवस्था सगळ्यांत वाईट तिचा नंबर कधीच लागणार नाही, आणि हे मला अजिबात पटत नाही.

म्हणून थोडं वाचलं. स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांची यादी जानेवारी २०१६ मध्ये आली. त्यात पुणे दुसरं होतं. पुण्याने विशेष विकासासाठी औंध-बाणेर-बालेवाडी हा भाग दिला होता. येरवडा, भवानी पेठ अशा भागांना सोडून बऱ्यापैकी सुस्थितीतला भाग का, अशी टीका तेव्हाही झाली. पण मुळात ती शहराशहरांतली स्पर्धा होती, शिवाय अस्तित्वातल्या वस्तीची सुधारणा करायची तर ५०० एकरांहून मोठा सलग पट्टा दाखवायचा होता. नियमच असे असले की निवड कुठे झुकणार हे बरंचसं आधीच ठरतं.

कोलंबियातल्या मेडेयिन शहराने उलट केलं. २००४ नंतरच्या काही वर्षांत तिथे मानव विकास निर्देशांक सर्वांत कमी आणि हिंसाचार जास्त असलेल्या, डोंगरउतारावरच्या ईशान्येकडच्या वस्त्यांपासून सुरुवात केली. केबल कारच्या स्टेशनांभोवती पायऱ्या, पूल, ग्रंथालय, शाळा अशी कामं एकत्र काढली. अमेरिकेतल्या रिचमंडने १९९९ च्या सुमारास मधला मार्ग काढला. अवस्था किती वाईट आणि सुधारण्याची शक्यता किती, दोन्ही तपासून मोजक्या वस्त्या निवडल्या आणि पैसा सगळीकडे थोडाथोडा वाटण्याऐवजी त्यातल्या काही गल्ल्यांवरच लावला. कुठली पद्धत बरोबर यावर वाद होऊ शकतो. पण तिथे निदान निकष काय होते ते कळतं.

आता प्रश्न. आपल्याकडच्या महापालिकांत असे गुण देऊन निवड करण्याची लेखी पद्धत असते का? नसेल तर यादी नेमकी कुठल्या टेबलावर तयार होते? आणि पुढच्या वर्षीच्या यादीत यायचं तर आम्ही आत्तापासून काय गोळा करावं? नुसती निवेदनं देऊन झाली आहेत, पोच घेऊन फाइल केली आहे. महापालिकेत काम केलेलं कुणी असेल तर कृपया सविस्तर लिहा.

— गावठाणकर

प्रतिसाद: निवृत्त लेखापाल

गावठाणकर, लेखा विभागात बरीच वर्षं काढली आहेत, त्या अनुभवावर लिहितो.

छापील सूत्र माझ्या पाहण्यात कधी आलं नाही. ज्या कामाचं पूर्वगणन पत्रक (खर्चाचा तपशीलवार अंदाज) तयार असतं ते काम पुढे सरकतं, हे मात्र वर्षानुवर्षं पाहिलं. क्षेत्रीय कार्यालयातून मागणी खात्याकडे जाते, आयुक्तांचा अंदाजपत्रकाचा मसुदा स्थायी समितीत येतो, मग मुख्य सभेत. स्थायीत पोचल्यावर धावपळ करून फारसा उपयोग नसतो. दिवाळीच्या आधी कनिष्ठ अभियंत्याला गल्लीत उभं करून मोजमाप घ्यायला लावा.

पहिली गोष्ट, निवड झालेल्या तीन भागांची मूळ टिपणी मिळवा. कारणं त्यातच लिहिलेली असतात. माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज आहेच, पण २०१८ च्या शासन परिपत्रकानुसार दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात स्थानिक स्वराज्य संस्थांनी अभिलेख पाहायला खुले ठेवायचे आहेत. ते परिपत्रक सोबत न्या.

दुसरं, रुंदीकरण आणि ड्रेनेज एका मागणीत घालू नका. रुंदीकरण संमतीत अडकेल आणि ड्रेनेजही त्याच्यासोबत बुडेल. आहे त्या गल्लीत मोठ्या व्यासाची लाइन टाकायला वाड्याची जागा लागत नाही. मलनिःसारण विभागाकडे तेवढीच स्वतंत्र मागणी करा. सोबत चोकअपच्या तक्रारींच्या नोंदी जोडा, तारीखवार, गल्लीनिहाय. हिवताप विभागाकडून डेंग्यूचे आणि आरोग्य खात्याकडून काविळीचे आकडे घ्या. "खूप त्रास होतो" असं लिहिलेलं पत्र आवक-जावकमध्ये पडून राहतं. तक्ता जोडलेल्या पत्रावर मात्र अधिकाऱ्याला शेरा मारावा लागतो.

गावठाणकर:

दादा, मनापासून आभार. ड्रेनेज वेगळं काढायचं हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. येत्या सोमवारी दोघं-तिघं मिळून टिपणी बघायला जातो.

एक शंका राहिली. मुख्य लाइन गल्लीत येईल, पण ती वाड्यातल्या संडासांना जोडायची तर अर्जावर मालकाची सही मागतात. आमच्याकडे बहुतेक जण जुने भाडेकरू आहेत. भाडेपावती आणि घरपट्टीवर भोगवटादार म्हणून नाव असेल तर तेवढ्यावर जोड मिळते का? कुणी असं करून घेतलं असेल तर कुठल्या कागदावर झालं ते सांगा.